धावत सुटलेली अक्षरं: रुंद, तिरपे फॉन्ट कसे घडतात आणि कुठे शोभतात

शर्यतीच्या गाड्या, धावण्याचे बूट, विजेवरच्या दुचाक्या, व्हिडिओ गेम, खेळांच्या वाहिन्या. यांच्या नावांची अक्षरं शेजारी ठेवली तर सगळी एकाच घरातली वाटतात: ऐसपैस, जाड, टोकं सपाट कापलेली आणि उजवीकडे झुकलेली. मग एखाद्या स्पर्धेचं पोस्टर करताना आपणही तसंच करायला जातो. हाताशी असलेला फॉन्ट घ्यायचा, माउसने आडवा ताणायचा, इटॅलिकचं बटण दाबायचं. निघालेली अक्षरं रुंद असतात, तिरपीही असतात, पण पाहताक्षणी काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं. ते का बिनसतं आणि नीट घडवलेली अशी अक्षरं कुठे कामाला येतात, ते पाहू. उदाहरणं बहुतेक रोमन लिपीतली आहेत, कारण हा प्रकार तिथेच वाढला. देवनागरीकडे शेवटी येऊ.

आधी शब्द नीट करून घेऊ

सॅन्स-सेरिफ म्हणजे ज्या अक्षरांच्या टोकांना छोट्या आडव्या पट्ट्या नसतात ती. ही अक्षरं छपाईत पहिल्यांदा दिसली १८१६ मध्ये, लंडनच्या चौथ्या विल्यम कॅस्लनच्या खिळ्यांच्या (म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांच्या) नमुन्यात, तीही फक्त मोठ्या लिपीत. रुंद फॉन्टच्या नावापुढे बहुधा ‘एक्स्टेंडेड’, ‘एक्स्पांडेड’ किंवा ‘वाइड’ असं लिहिलेलं असतं.

तिरप्या अक्षरांचे मात्र दोन प्रकार आहेत आणि त्यांची सरमिसळ सगळेच करतात. खऱ्या इटॅलिकमध्ये अक्षराचा सांगाडाच वेगळा असतो, हाताच्या वळणाचा. ऑब्लिकमध्ये सांगाडा उभ्या अक्षराचाच, फक्त कललेला. सॅन्स-सेरिफमध्ये दोन्ही सापडतात. १९२८ च्या गिल सॅन्स या फॉन्टच्या इटॅलिकमध्ये काही अक्षरांची वळणं वेगळी काढलेली आहेत; १९५७ च्या हेल्व्हेटिका आणि युनिव्हर्समध्ये उभीच अक्षरं कलवलेली आहेत. पण नुसती कलवून सोडलेली नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे.

नुसतं कलवलं तर काय बिघडतं

पत्त्यांचा जोड टेबलावर उभा रचा आणि वरून अलगद उजवीकडे सरकवा. प्रत्येक पत्ता तेवढाच रुंद राहतो, जोडाची उंची बदलत नाही, पण बाजू तिरपी होते. संगणक तुमच्या अक्षराशी नेमकं हेच करतो. अक्षराची प्रत्येक आडवी चकती जशीच्या तशी राहते, फक्त वरची चकती खालच्यापेक्षा जास्त सरकते.

आता इंग्रजी ‘ओ’ घ्या. समजा तो अगदी गोल आहे आणि त्याची कड सगळीकडे १०० एकक जाड आहे. (फॉन्टमध्ये अक्षराचा चौक साधारण १००० एककांचा धरतात.) तो १२ अंशांनी सरकवला की वर उजवीकडची आणि खाली डावीकडची कड सुमारे १११ एकक होते, तर वर डावीकडची आणि खाली उजवीकडची ९० वर येते. म्हणजे एकाच अक्षराच्या दोन कोपऱ्यांत वीसेक टक्क्यांचा फरक. वाचणाऱ्याला आकडा कळत नाही. त्याला ‘ओ’ पिळलेला दिसतो. इंग्रजी ‘ए’ या मोठ्या अक्षराचं आणखी वाईट होतं. त्याचा डावा पाय आधीच उजवीकडे झुकलेला असतो. तो आणखी लांबतो आणि बारीक होतो. उजवा पाय जवळजवळ उभा राहतो, आखूड आणि जाड होतो.

फॉन्ट बनवणारे सुरुवात बऱ्याचदा अशी सरकवूनच करतात, ते पाप नाही. पण त्यानंतर ‘ओ’च्या जाड कोपऱ्यातून माल काढायचा, बारीक कोपऱ्यात भरायचा, ‘ए’चे पाय सारखे करायचे, उभे दांडे किंचित भरायचे (१२ अंशांना त्यांची खरी जाडी दोनेक टक्क्यांनी घटते), ‘एस’चा मधला कणा पुन्हा ओढायचा, असं अक्षर-अक्षर घेऊन काम चालतं. ‘एस’ सगळ्यात छळतो. तो सरकवला की कण्याची मधली वाट जास्त उभी होऊ लागते आणि जाड दिसते.

रुंदी म्हणजे ताणणं नव्हे

ताणण्याचा गणिती दोष याहून सोपा आहे. अक्षर आडवं १३० टक्के केलं की उभे दांडे १३० टक्के जाड होतात आणि आडव्या पट्ट्या होत्या तेवढ्याच राहतात. ९० एककांचा दांडा ११७ चा झाला, ८० ची पट्टी ८० चीच राहिली. नीट बसलेला तोल एका फटक्यात मोडतो.

रुंद फॉन्ट मुळातून काढताना दांडा जवळपास जुन्याच जाडीचा ठेवतात आणि वाढवतात ती आतली पोकळी. गोलाईही बदलावी लागते. वर्तुळ ताणलं की अंड्यासारखी लंबगोल आकृती मिळते, तिच्या बाजू टोकदार वाटतात आणि माथा सपाट पडतो. म्हणून बऱ्याच रुंद फॉन्टचे गोल आकार चौकोनाकडे झुकवलेले असतात: बाजू जराशा सरळ, कोपरे गोल. तुरीनच्या नेबियोलो कंपनीचा मायक्रोग्रामा (१९५२) आणि त्यातूनच आल्डो नोव्हारेसेने वाढवलेला युरोस्टाइल (१९६२) ही याची गाजलेली उदाहरणं. तंत्रज्ञान, उपकरणं, भविष्यकाळ म्हटलं की असेच आकार डोळ्यासमोर येतात, त्याला हे दोन बऱ्याच अंशी जबाबदार आहेत.

सगळी अक्षरं एकाच प्रमाणात रुंद करूनही चालत नाही. ‘ओ’ आणि ‘एच’ भरपूर पसरतात, ‘आय’ला पसरायला जागाच नसते, आणि ‘एम’ व ‘डब्ल्यू’ आधीच रुंद असल्यामुळे त्यांना तेवढंच ताणलं तर ते ओळ खाऊन टाकतात. त्यांना कमी रुंदी देऊन बाकीच्यांबरोबर निभावून न्यावं लागतं.

दोन्ही एकत्र आले की ओढाताण सुरू

तिरपं अक्षर मुळात जागा वाचवणारं. व्हेनिसच्या आल्डस मानुटियस या प्रकाशकाने फ्रान्चेस्को ग्रिफोकडून पहिले इटॅलिक खिळे कापून घेतले आणि १५०१ पासून हातात मावणाऱ्या छोट्या पुस्तकांसाठी वापरले. ती अक्षरं अंग चोरून उभी होती. लिहिणारा हात भरभर चालला की अक्षरं आपोआप चिंचोळी होतात. त्यामुळे ‘रुंद इटॅलिक’ हा स्वभावाविरुद्धचा प्रकार आहे, आणि त्याच्या रचनेतले बहुतेक निर्णय ही तेढ मिटवण्यासाठीचे असतात.

उदाहरणार्थ, खऱ्या इटॅलिकमध्ये छोटं ‘ए’ एकमजली असतं, हाताने लिहितो तसं. रुंद केल्यावर ते ‘ओ’च्या इतकं जवळ जातं की शब्द चुकीचा वाचला जातो. म्हणून रुंद तिरप्या सॅन्स-सेरिफमध्ये दुमजली ‘ए’ (छापील पुस्तकात असतं तसं, माथ्यावर आकडा असलेलं) ठेवून ऑब्लिकच्या वाटेने जाणं मला शहाणपणाचं वाटतं.

कोनाचा प्रश्नही आहे. मोठ्या अक्षरांची उंची ७०० एकक धरली तर १२ अंशांना माथा पायापेक्षा सुमारे १४९ एकक पुढे जातो. चिंचोळ्या ‘एच’ची रुंदी ४०० असेल तर हे सरकणं रुंदीच्या ३७ टक्के झालं, ९५० एकक रुंद ‘एच’मध्ये तेच १६ टक्क्यांच्या आत. कोन तोच, पण रुंद अक्षरात लांब आडव्या पट्ट्या नजर धरून ठेवतात आणि कल दबून जातो. सॅन्स-सेरिफमध्ये नेहमीचा कल ८ ते १२ अंशांचा. रुंद अक्षरांना ८ अंश दिले तर ‘ही तिरपी आहेत की छापताना कागद सरकला?’ असं वाटू शकतं. तिथे वरच्या टोकाचा कोनच शोभतो. त्याच्या पलीकडे फार गेलं तर मात्र अक्षर पुढे तोंडघशी पडतं.

एकाच फॉन्टचे जाड, बारीक, रुंद, चिंचोळे असे सगळे प्रकार मिळून त्याचं कुटुंब होतं. नीट योजून बांधलेल्या मोठ्या कुटुंबांतसुद्धा हा रुंद तिरपा भाऊ उशिरा जन्मला. एड्रियन फ्रुटिगरच्या युनिव्हर्सचे मूळ २१ प्रकार होते. त्यांत चिंचोळ्या अक्षरांना तिरपी जोड होती, रुंदांना नव्हती. १९८३ च्या नोये हेल्व्हेटिकात, म्हणजे हेल्व्हेटिकाच्या नव्या आवृत्तीत, रुंद आणि तिरपे असे प्रकार रीतसर आले. त्याच्या आधीचा मोठा अपवाद म्हणजे रोजे एक्स्कोफॉन या फ्रेंच कलाकाराचा अँटीक ऑलिव्ह नॉर्द. प्रचंड जाड, प्रचंड रुंद, आणि त्याला तिरपी जोडही. ज्याला रुंद तिरपं अक्षर म्हणजे काय हे एका नजरेत पाहायचं असेल त्याने तो पाहावा.

मग हा वापरायचा कुठे?

थोडे शब्द, मोठा आकार आणि बाजूला मोकळी जागा, असं तिन्ही असेल तिथे. नाव, घोषवाक्य, आकडे, एखादं दोन शब्दांचं शीर्षक. आकडे तर खासच: गुणफलक, वेळ मोजणारी पाटी, जर्सीवरचा क्रमांक. रुंद आकड्यांच्या पोकळ्या मोठ्या असल्यामुळे ६, ८ आणि ९ लांबूनही एकमेकांत मिसळत नाहीत. त्याच जर्सीवर खेळाडूचं नाव मात्र त्याच फॉन्टमध्ये लिहायला गेलात तर लांब आडनाव एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातं. नावासाठी त्याच कुटुंबातला चिंचोळा प्रकार घ्यावा.

जागेचा हिशेब आधीच केलेला बरा. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर दोन्हीकडे १६ चं समास सोडलं की ३२८ उरतात. शीर्षक ४० पिक्सेलचं आणि मोठ्या लिपीतल्या रुंद अक्षराची सरासरी रुंदी आकाराच्या ०.९ पट धरली तर एक अक्षर ३६ पिक्सेल खातं. ओळीत नऊ अक्षरं बसतात, बस्स. नेहमीच्या रुंदीच्या फॉन्टमध्ये बारा बसली असती. ‘इंटरनॅशनल’ हा इंग्रजी शब्द तेरा अक्षरांचा आहे.

वाहनांवर एक गंमत होते, आणि ती रंगकाम झाल्यावर लक्षात येते. गाडीच्या उजव्या बाजूला उभं राहून पाहिलं तर गाडीचं तोंड आपल्या उजवीकडे असतं, त्यामुळे उजवीकडे झुकलेली अक्षरं गाडीच्या दिशेनेच धावतात. डाव्या बाजूला तीच अक्षरं उलट्या दिशेला झुकतात, जणू कोणी गाडीला मागून धरलंय. डावीकडे झुकलेली अक्षरं करून पाहावीत तर ती वाचताना अडखळायला होतं. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना रुंद पण उभी अक्षरं ठेवून वेग दाखवण्याचं काम शेजारच्या तिरप्या पट्ट्यांना द्यावं. पट्ट्या बाजू बदलल्या की उलटवता येतात, अक्षरं येत नाहीत.

‘पण हे वाचायला त्रासदायक नाही का?’

परिच्छेद लिहिलात तर हो. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या मार्गदर्शनात तिरपी अक्षरं टाळून जोर देण्यासाठी ठळक अक्षरं वापरा, असं सांगितलेलं आहे. रुंदीमुळे ओळीत शब्द कमी बसतात, नजर सारखी पुढच्या ओळीवर उडी मारते. सलग मजकुराला हा फॉन्ट नकोच.

पण रुंदी आणि तिरपेपणा यांना एकाच तराजूत घालू नये. रुंदी वाचायला मदतही करते. १९०१ साली फ्रेडरिक गाउडीने काढलेला कॉपरप्लेट गॉथिक पाहा. तो काटेकोर अर्थाने सॅन्स-सेरिफ नाही, टोकांना सुईएवढी सेरिफ आहेत, पण अक्षरं चांगलीच रुंद. व्हिजिटिंग कार्डावर अगदी बारीक आकारात तो वर्षानुवर्षं टिकला, कारण पोकळ्या मोठ्या असल्याने शाई पसरूनही त्या बुजत नाहीत. तेव्हा एखादी छोटी पण महत्त्वाची खूण लिहायची असेल, जसं यंत्राच्या बटणाखालचं नाव, तर रुंद घ्या आणि तिरपेपणा सोडून द्या.

मांडणीत हमखास होणाऱ्या चुका

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे शेवटच्या अक्षराचा कापलेला कोपरा. संगणक शब्दाची चौकट बऱ्याचदा अक्षराच्या ठरलेल्या रुंदीवरून मोजतो, पण तिरप्या अक्षराचा माथा त्या चौकटीबाहेर डोकावतो. वेबपानावर रंगछटा भरलेल्या शीर्षकात किंवा व्हिडिओत सरकत येणाऱ्या नावात उजवा वरचा कोपरा सपकन छाटलेला दिसतो. उजवीकडे अक्षराच्या आकाराच्या ०.१५ ते ०.२ पट जागा सोडली की काम भागतं. १०० पिक्सेलच्या अक्षराला १५ ते २० पिक्सेल.

दुसरी भानगड मधोमध मांडण्यात. चांगल्या फॉन्टमध्ये अक्षर पायापासून कलवत नाहीत, मध्यावर धरून कलवतात. माथा जेवढा पुढे जातो तेवढाच पाय मागे. नकली तिरप्यात सगळं सरकणं उजवीकडेच होतं. ९६ पिक्सेलच्या मोठ्या अक्षरांत, १२ अंशांना, शब्द डोळ्याला सुमारे ७ पिक्सेल उजवीकडे गेलेला दिसतो. मोजपट्टी सांगते मधोमध आहे, डोळा सांगतो नाही. अशा वेळी डोळ्याचं ऐकायचं.

अक्षरांमधलं अंतरही पाहावं. रुंद अक्षरांच्या पोकळ्या मोठ्या, म्हणून फॉन्टमध्ये दोन अक्षरांमधली मोकळी जागाही मोठी ठेवलेली असते. तोच फॉन्ट पोस्टरवर हातभर मोठा केला की शब्द विस्कटलेला वाटतो. तिथे अंतर एक-दोन टक्क्यांनी कमी करावं. बारीक आकारात उलट, हात लावू नये.

वेबवर नकली तिरपं कसं ओळखायचं?

पानावर इटॅलिक मागितलं आणि फॉन्टची तिरपी फाइल मिळाली नाही, तर ब्राउझर तक्रार करत नाही. तो गुपचूप पत्ते सरकवतो, साधारण १४ अंशांनी. ओळखायची जागा तीच: ‘ओ’ मोठा करून वरचे दोन कोपरे ताडून पाहा. हे थांबवायचं असेल तर सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) ‘फॉन्ट-सिंथेसिस’ला ‘नन’ द्या. मग निदान चूक उघडी पडते.

आता व्हेरिएबल फॉन्ट आले आहेत, म्हणजे एकाच फाइलमध्ये जाडी, रुंदी आणि कल हवा तसा कमीजास्त करता येणारे. २०१६ मध्ये ॲपल, गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी यांनी मिळून हा प्रकार जाहीर केला. इथे ताणलं तरी बिघडत नाही, कारण टोकाचे आकार आधी हाताने काढलेले असतात आणि संगणक फक्त मधले काढतो. रोबोटो फ्लेक्स या अशा फॉन्टमध्ये रुंदी २५ ते १५१ पर्यंत जाते (१०० म्हणजे नेहमीची) आणि कल १० अंशांपर्यंत. पण कलाची किंमत उणे लिहावी लागते. उजवीकडे झुकवायला उणे १०. अधिक १० लिहिलं तर काहीच होत नाही आणि माणूस तासभर फाइल बिघडली म्हणून शोधत बसतो. आणखी एक: खालच्या पातळीवरच्या ‘फॉन्ट-व्हेरिएशन-सेटिंग्ज’मध्ये वर कुठे रुंदी दिली असेल आणि खाली नुसता कल लिहिला, तर रुंदी मूळ पदावर येते. दोन्ही किमती प्रत्येक वेळी एकत्र लिहाव्या लागतात.

देवनागरीत हे जमेल का?

रुंदी जमते, तिरपेपणा कुरकुरतो. कारण देवनागरीची अक्षरं मजल्यांची असतात. शिरोरेखेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, पायाखाली उकार. ‘कुंपण’ हा शब्द घ्या. अनुस्वाराचा टिंब पायरेषेपासून ९०० एककांवर आणि उकार २५० एकक खाली धरला, तर १२ अंशांना टिंब १९१ एकक उजवीकडे जातो आणि उकार ५३ एकक डावीकडे. ‘कुं’चा टिंब ‘प’कडे निघतो, उकार मागे राहतो, आणि जे तीन भाग एका उभ्या रेषेत वाचायची सवय आहे ते पांगतात. शिरोरेखा मात्र सरकवली तरी आडवीच राहते, त्यामुळे रोमन शब्दासारखा धावल्याचा भासही पुरता येत नाही.

म्हणून देवनागरीत कल सहा-सात अंशांवर थांबवावा आणि वरचे-खालचे भाग आपापल्या अक्षराकडे हाताने ओढून घ्यावेत. रुंदीसाठी चांगलं साहित्य उपलब्ध आहे. ‘एक टाइप’ या संस्थेच्या ‘अनेक देवनागरी’ या फॉन्टमध्ये रुंदी ७५ ते १२५ पर्यंत बदलता येते. रोमन नाव रुंद आणि तिरपं, शेजारी देवनागरी नाव तेवढंच रुंद पण उभं, अशी जोडी लावली तर दोन्ही एकाच कुटुंबातली दिसतात. तेव्हा उंची जुळवताना शिरोरेखा रोमन मोठ्या अक्षरांच्या माथ्याला भिडवू नका, थोडी खाली ठेवा. वेलांटी आणि रफाराला वर जागा लागते, आणि दोन ओळींचं शीर्षक असेल तर ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या निदान १.४ पट तरी हवं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत जाऊन अडकतात.